बिजागरीवर तोललेलं विमान : ऑटोजायरोची गोष्ट

1919 च्या उन्हाळ्यात माद्रिदजवळ तीन इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान कोसळलं. स्पेनच्या लष्कराने नव्या विमानांची स्पर्धा जाहीर केली होती आणि हुआन द ला सिएर्वा या तेवीस वर्षांच्या इंजिनिअरने त्या स्पर्धेसाठी हे धूड बांधलं होतं. इंजिनं ठीक चालत होती, सांगाडाही मजबूत होता. लष्करी वैमानिकाने जमिनीच्या जवळ वळण घेताना वेग जरा जास्त कमी होऊ दिला, एवढंच झालं. वैमानिक वाचला, विमान संपलं.

सिएर्वाच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने वैमानिकाला दोष देऊन नवीन विमान बांधायला घेतलं असतं. सिएर्वाने दोष दिला तो पंखाला. वेग कमी होताच जो पंख दगा देतो, त्यावर माणसाने जीव का सोपवावा, हा त्याचा प्रश्न होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लष्करांनी पैसे ओतलेल्या चित्रविचित्र विमानांपैकी सर्वांत दूरवर परिणाम करणारं विमान या प्रश्नातून जन्मलं, असं माझं ठाम मत आहे. त्याचं नाव ऑटोजायरो.

आधी पंखाचा दगा म्हणजे काय ते बघू. विमानाचा पंख हवा कापत पुढे जातो, तेव्हा हवा त्याच्या वरच्या पाठीला चिकटून वाहते आणि खाली ढकलली जाते. त्या बदल्यात पंखाला वर उचल मिळते. वेग कमी झाला की उचल कमी होते. मग वैमानिक विमानाचं नाक वर करतो, म्हणजे पंख हवेला जास्त तिरका भिडतो आणि उचल टिकून राहते. पण या तिरकेपणाला मर्यादा आहे. साधारण पंधरा अंशांच्या आसपास हवा पंखाच्या पाठीवरून सुटते, तिचे भोवरे होतात आणि उचल एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. उंचावर असाल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमीन शे-दीडशे फुटांवर असेल तर तेवढा अवकाश नसतो. त्या काळातले किती तरी वैमानिक याच पद्धतीने गेले.

सिएर्वाचा विचार असा होता : पंखाला वेग हवा, हे मान्य. पण तो वेग अख्ख्या विमानाचाच कशाला असायला हवा? पंखच स्वतंत्रपणे गोल फिरत राहिला तर? विमान सावकाश चालेल, पण पंख हवेला सतत वेगानेच भिडत राहील.

इथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर येतं. ऑटोजायरो हेलिकॉप्टर नाही, आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावरचा रोटर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचा संच, इंजिन फिरवतं. ऑटोजायरोत इंजिन फिरवतं ते नाकावरचा नेहमीचा प्रोपेलर. डोक्यावरचा रोटर उड्डाणात इंजिनाला जोडलेलाच नसतो, तो मोकळा असतो. जत्रेतली भिंगरी हातात धरून मूल पळालं की ती आपोआप फिरते, तसाच विमान पुढे सरकलं की रोटर फिरतो. त्यासाठी तो थोडा मागे झुकवलेला असतो, म्हणजे समोरून येणारी हवा त्याच्या खालून शिरून वर निघते.

आता एक खोच. खालून येणाऱ्या हवेने पातं उलट्या दिशेने फिरायला हवं असं वाटतं, कारण पात्याची पुढची कड किंचित वर असते. पण एकदा गती दिली की ते सुलट्या दिशेनेच फिरत राहतं. कारण फिरत्या पात्याला हवा बरीचशी समोरून आणि थोडीशी खालून अशी लागते. उचल या लागणाऱ्या हवेला काटकोनात असते, म्हणजे सरळ वर नसून जराशी पुढे कललेली असते. हा पुढे कललेला छोटासा हिस्सा पात्याला ओढत राहतो आणि हवेच्या अडथळ्यावर मात करतो. इंजिन बंद पडलं तरी चालतं, कारण मग विमान खाली येऊ लागतं आणि हवा खालून आणखी जोरात शिरते. रोटर फिरत राहतो आणि विमान सावकाश उतरतं. पंखाला स्टॉल आणणारी परिस्थितीच इथे रोटरला फिरवत ठेवते. मला या यंत्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

कागदावर सगळं जमलं होतं. 1920 मध्ये सिएर्वाने एका जुन्या विमानाच्या सांगाड्यावर एकावर एक असे उलट दिशांनी फिरणारे दोन रोटर बसवले. हे सी.1. वरच्या रोटरने ढवळलेल्या हवेमुळे खालचा हळू फिरू लागला, दोघांचा मेळ बसेना आणि यंत्र एका अंगाला कलंडलं. पुढच्या दोन यंत्रांत त्याने एकच रोटर ठेवला आणि पात्यांच्या कोनात फेरफार करून पाहिले. तीही वेग घेताच कलंडायची. दुरुस्त करायचं, धावपट्टीवर पळवायचं, पुन्हा कलंडायचं, असं चाललं होतं.

का कलंडायची, हे आकड्यांतच पाहू. समजा पात्याचं टोक सेकंदाला 100 मीटर वेगाने फिरतंय आणि विमान सेकंदाला 30 मीटरने, म्हणजे ताशी 108 किलोमीटरने पुढे चाललंय. एका बाजूचं पातं फिरता फिरता विमानाच्याच दिशेने पुढे जातं. त्याला लागणारी हवा 100 अधिक 30, म्हणजे सेकंदाला 130 मीटर. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचं पातं मागे जात असतं, त्याला लागणारी हवा फक्त 70. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 130 चा वर्ग 16,900 आणि 70 चा 4,900. म्हणजे टोकापाशी एका बाजूची उचल दुसरीच्या जवळपास साडेतीन पट! विमान एकीकडे उलथणार नाही तर काय होईल?

गंमत म्हणजे सिएर्वाने बनवलेलं एक छोटं मॉडेल मात्र झकास उडत होतं. तत्त्व तेच, प्रमाण लहान, तरी ते कलंडत नव्हतं. मोठं यंत्र आणि छोटं मॉडेल यांत फरक काय, याचा शोध घेताना त्याचं लक्ष पात्यांवर गेलं. मॉडेलची पाती वेताच्या लवचिक दांड्यांवर बसवली होती, त्यामुळे ती उड्डाणात वरखाली वाकत. मोठ्या यंत्राची पाती त्याने मुद्दाम ताठ, दणकट आणि मधल्या तुंब्याला घट्ट जखडलेली ठेवली होती. कुठल्याही इंजिनिअरने तेच केलं असतं. सगळा बिघाड त्या दणकटपणातच होता.

मग त्याने प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक बिजागरी बसवली. दाराला असते तशीच, फक्त आडवी, म्हणजे पातं आपल्या मर्जीने वरखाली होऊ शकेल.

बिजागरीने दोन गोष्टी होतात. पहिली ताबडतोब पटते : बिजागरीतून वाकवणारा जोर पलीकडे जात नाही, त्यामुळे पात्यावर कमीजास्त उचल आली तरी ती विमानाला उलथवू शकत नाही. दुसरी जास्त सुंदर आहे. पुढे जाणाऱ्या पात्याला उचल जास्त मिळते, म्हणून ते वर उचललं जातं. वर जात असताना त्याला हवा किंचित वरून लागू लागते, म्हणजे हवेला भिडण्याचा त्याचा कोन कमी होतो आणि उचल आपोआप घटते. मागे जाणारं पातं खाली येतं, त्याला हवा खालून लागते, कोन वाढतो आणि उचल वाढते. प्रत्येक फेरीत, कुणीही काहीही न करता, दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो. स्प्रिंग नाही, दट्ट्या नाही, वैमानिकाचा हातही नाही.

मोकळी पाती विमानाच्या वजनाने छत्री उलटल्यासारखी वर का मिटत नाहीत, असा प्रश्न इथे पडायलाच हवा. उत्तर त्यांच्या फिरण्यात आहे. समजा पातं 15 किलोचं आहे, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून अडीच मीटरवर आहे आणि रोटर सेकंदाला तीन फेऱ्या मारतोय. हिशेब केला तर हे पातं बाहेरच्या दिशेने सुमारे साडेतेराशे किलो वजनाइतक्या जोराने ताणलेलं निघतं. उचल त्याला वर ढकलते, हा ताण त्याला आडवं ओढतो आणि पातं काही अंश वर झुकून स्थिरावतं. थांबलेल्या ऑटोजायरोची पाती लोंबकळलेली दिसायची, तर फिरताना तीच ताठ. ताठपणा लाकडा-लोखंडातून येत नव्हता, फिरण्यातून येत होता.

जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळच्या गेटाफे विमानतळावर बिजागऱ्यांचं सी.4 हवेत गेलं. चालवणारा होता लेफ्टनंट अलेहांद्रो गोमेझ स्पेन्सर. काहीच दिवसांत उड्डाण घेतल्या घेतल्या इंजिन बंद पडलं आणि यंत्र जवळजवळ उभंच, पण हळूच खाली उतरलं. जवळपास चार वर्षांपूर्वी जमिनीजवळ असाच वेग गमावून ते बॉम्बफेकी विमान संपलं होतं. 31 जानेवारीला क्वात्रो व्हिएंतोसच्या लष्करी विमानतळावर सी.4 ने सुमारे चार किलोमीटरची बंद फेरी पूर्ण केली.

यानंतर स्पेनच्या लष्करी विमानदलाने खर्च उचलला आणि एव्हरो 504 या ब्रिटिश विमानाच्या सांगाड्यावर सी.6 तयार झालं. डिसेंबर 1924 मध्ये कॅप्टन होआकिन लोरिगाने ते क्वात्रो व्हिएंतोसहून गेटाफेला नेलं. अंतर दहा किलोमीटरच्या थोडं वर, पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेला हा पहिला ऑटोजायरो. ऑक्टोबर 1925 मध्ये फ्रँक कोर्टनी या वैमानिकाने सी.6 इंग्लंडमध्ये फार्नबरोला उडवून दाखवलं. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने पुढची यंत्रं मागवली, स्कॉटलंडचे उद्योगपती जेम्स वीअर यांनी भांडवल घातलं आणि 1926 मध्ये सिएर्वाची कंपनी इंग्लंडमध्ये उभी राहिली.

आणि तिथे बिजागरीने आपली दुसरी बाजू दाखवली. पातं वरखाली होतं तेव्हा त्याचं वजन अक्षापासून किंचित जवळ-लांब होतं. जवळ आलं की ते जोरात फिरू पाहतं, लांब गेलं की मंदावू पाहतं. शिवाय पुढे जाताना हवेचा अडथळा जास्त, मागे जाताना कमी. म्हणजे प्रत्येक फेरीत पातं आडव्या दिशेत एकदा पुढे, एकदा मागे वाकतं. सेकंदाला तीन फेऱ्या धरल्या तर तासाला 10,800 वेळा. तार सारखी इकडेतिकडे वाकवली की तुटते, हा धातूचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. 1927 मध्ये कोर्टनी हवेत असताना एक पातं मुळाशी तुटलं आणि विमान कोसळलं. तो जखमी झाला, पण वाचला.

उपाय पुन्हा तोच निघाला : जखडू नका, सोडा. सिएर्वाने पात्याच्या मुळाशी दुसरी, उभी बिजागरी बसवली, म्हणजे पातं आडव्या दिशेतही थोडं मागेपुढे होऊ शकेल, आणि ही हालचाल आवाक्यात राहावी म्हणून घर्षणाने आवर घालणारा दमन-जोड दिला. 18 सप्टेंबर 1928 रोजी त्याने स्वतः सी.8 चालवत, एक प्रवासी घेऊन, क्रॉयडनहून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसजवळचं ल बूर्जे गाठलं.

उरलेल्या दोन अडचणी भराभर सांगतो. पहिली, रोटरला सुरुवातीची गती द्यायची कशी? सुरुवातीला तुंब्याभोवती दोर गुंडाळून माणसं तो ओढत. मग प्रोपेलरचा झोत शेपटीवरून वर वळवून पाहिला. शेवटी इंजिनालाच क्लच जोडला, जो उड्डाणापूर्वी सोडून देतात. दुसरी अडचण गंभीर होती. सुरुवातीच्या ऑटोजायरोंना बाजूला छोटे स्थिर पंख असत आणि कलण्याचं नियंत्रण त्या पंखांवरच्या झडपांनी होई. यंत्र अगदी हळू उतरू लागलं की त्या झडपांवर हवाच नसे. म्हणजे नियंत्रणाची सर्वांत जास्त गरज असताना ते हातातून जायचं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सिएर्वाने पंख काढूनच टाकले आणि अख्खा रोटरच वैमानिकाच्या दांड्याने हवा तसा झुकवता येईल असा केला. हे सी.30. त्याचा दांडा खालून वर न येता रोटरच्या डोक्यापासून खाली वैमानिकाच्या हातात लोंबत यायचा. साधारण 11 मीटर व्यासाचा तीन पात्यांचा रोटर, 140 अश्वशक्तीचं इंजिन, वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मार्च 1934 मध्ये सिएर्वाने व्हॅलेन्सियाच्या बंदरात स्पॅनिश नौदलाच्या देदालो या जहाजावर सी.30 उतरवून दाखवलं आणि तिथूनच परत उडवलं.

आता लष्करांना यातून काय हवं होतं? पहिल्या महायुद्धात तोफांचे गोळे कुठे पडतात हे बघायला दोराने बांधलेले हायड्रोजनचे फुगे वापरत. ते जागचे हलत नसत आणि शत्रूच्या विमानाला आयते सापडत. शेतातून उडणारं, सावकाश घिरट्या घालणारं आणि वेळ आली तर पळून जाणारं यंत्र ही तोफखान्याची स्वप्नातली गोष्ट होती. ब्रिटिश हवाई दलाने 1934-35 मध्ये बारा सी.30 घेतले, त्यांना रोटा हे नाव दिलं आणि सॉल्झबरीजवळच्या ओल्ड सॅरम इथल्या, लष्कराशी सहकार्य शिकवणाऱ्या शाळेत पाठवले. अमेरिकेत हॅरॉल्ड पिटकेर्न या विमान उत्पादकाने सिएर्वाची यंत्रं बांधायचा परवाना घेतला होता. त्याचं एक्सओपी-1 हे ऑटोजायरो अमेरिकन नौदलाने सप्टेंबर 1931 मध्ये लँगली या विमानवाहू जहाजावर उतरवलं आणि पुढच्या वर्षी मरीन दलाने ते निकाराग्वाच्या जंगलात नेलं. सोव्हिएत संघात निकोलाय कामोव्हने मशीनगन बसवलेलं ए-7 हे ऑटोजायरो बनवलं, ते 1934 मध्ये उडालं.

निकाल सगळीकडे सारखाच लागला. यंत्र सुरक्षित होतं, छोट्या जागेत उतरायचं, पण ओझं उचलत नव्हतं. दोन माणसं आणि इंधन भरलं की वायरलेस, बंदूक किंवा जखमी सैनिकासाठी फारसं काही उरत नसे. ज्या वेगात ते फिरे, त्याच्या दुप्पट वेगाची लढाऊ विमानं दशकाच्या मध्यापर्यंत आली होती. आणि हवेत एका जागी स्थिर उभं राहणं त्याला जमत नव्हतं. वारा नसेल तर रोटरला फिरवत ठेवण्यासाठी एक तर पुढे जायला हवं, नाही तर खाली यायला हवं. सेनापतींना याच तिसऱ्या गोष्टीची खरी हाव होती.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. सिएर्वा स्पेनच्या राजेशाहीवादी घराण्यातला. वडील युद्धमंत्री राहिलेले. जुलै 1936 मध्ये जनरल फ्रँकोला, म्हणजे स्पेनच्या पुढच्या हुकूमशहाला, कॅनरी बेटांवरून मोरोक्कोला नेणारं विमान इंग्लंडमधून भाड्याने मिळवण्यात त्याचा हात होता. त्या विमानाने स्पेनच्या यादवी युद्धाला सेनापती पोचवला. विमानप्रवासातले मृत्यू टाळण्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाच्या खात्यावर हेही नोंदवलेलंच राहणार. त्याच वर्षी 9 डिसेंबरला दाट धुक्यात क्रॉयडनहून निघालेलं केएलएम या डच कंपनीचं प्रवासी विमान उड्डाण घेतानाच कोसळलं. त्यात 41 वर्षांचा सिएर्वा गेला.

रोटाला खरं काम मिळालं ते सिएर्वाच्या मृत्यूनंतर. 1940 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे चेन होम रडार मनोरे अचूक आहेत का, हे सतत तपासावं लागे. त्यासाठी आकाशात नेमक्या ठाऊक असलेल्या ठिकाणी, ठाऊक उंचीवर काही तरी टिकून राहायला हवं, म्हणजे रडारचं उत्तर खऱ्या जागेशी ताडून पाहता येईल. वेगवान विमान एका बिंदूवर राहत नाही. रोटा छोटंसं वर्तुळ घेत तिथेच घिरट्या घालत राहायचं. या कामासाठीच पुढे 529 क्रमांकाची स्क्वाड्रन बनली आणि ती युद्ध संपेपर्यंत टिकली. तोफखान्यासाठी घेतलेलं, कामाचं नाही म्हणून बाजूला पडलेलं यंत्र हवाई संरक्षणाच्या सर्वांत नाजूक उपकरणाची मोजपट्टी झालं.

पण त्याचा मोठा वारसा वेगळाच आहे. हेलिकॉप्टर बनवू पाहणारे लोक विसाव्या शतकाच्या आरंभापासून धडपडत होते. रोटरला इंजिन जोडणं त्यांना येत होतं. पुढे जाताना कलंडायचं कसं नाही, हे नीट कुणाला जमलं नव्हतं, आणि सी.4 च्या बिजागरीने नेमकं तेच सोडवलं. जर्मनीत फोके-वुल्फ कंपनी सी.30 परवान्याखाली बांधत होती. तिथल्या हाइनरिश फोकेच्या एफडब्ल्यू 61 या हेलिकॉप्टरने जून 1936 मध्ये पहिली झेप घेतली, ती बिजागऱ्यांच्या रोटरवर. अमेरिकेत पिटकेर्नच्या कंपनीचं म्हणणं होतं की हेलिकॉप्टरांनी तिचे रोटरचे पेटंट वापरलेत. तिने अमेरिकन सरकारवर दावा लावला आणि 1967 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

भारतीय नौदलाचं चेतक मुंबईच्या आकाशात अनेकांनी पाहिलेलं असेल. ते मूळचं फ्रेंच अलुएट 3. त्याच्या तीन पात्यांच्या मुळाशी दोन्ही बिजागऱ्या आहेत : वरखाली होऊ देणारी 1923 ची आणि मागेपुढे होऊ देणारी, कोर्टनीच्या अपघाताने शिकवलेली. आणि हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर काय करायचं, हे प्रत्येक वैमानिकाला पुन्हा पुन्हा घोटून शिकवलं जातं. लगेच पात्यांचा कोन उतरवायचा, रोटर इंजिनापासून सुटू द्यायचा, यंत्राला खाली येऊ द्यायचं आणि खालून शिरणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवायची. जमीन जवळ आली की पात्यांत साठलेली ती गती एकदाच वापरून टेकायचं. त्या वेळी, जमिनीला टेकेपर्यंत, हेलिकॉप्टर ऑटोजायरोच असतं.